गच्चीवर सोलार लावायचंय? आधी लाइटबिल काढा

आमच्या गोरेगावच्या सोसायटीत सोलार लागून दोन पावसाळे झाले, आणि तेव्हापासून आजूबाजूच्या बिल्डिंगांचे सेक्रेटरी मला फोन करून एकच विचारतात, "काका, किती किलोवॅट लावलंत?" मी उलट विचारतो, तुमचं कॉमन मीटर (लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं) महिन्याला किती युनिट खातं? निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं. बिल किती रुपये येतं ते तोंडपाठ, युनिट मात्र कोणी बघत नाही. सोलारचा सगळा हिशोब युनिटवर चालतो, त्यामुळे जे पहिल्यांदाच यात पडतायत त्यांच्यासाठी मी आमच्याकडे जे केलं (आणि जे चुकलं) ते क्रमाने लिहून ठेवतोय.

१) वीज कोणाची ते बघा

हसू नका, मुंबईत हा प्रश्न खरा आहे. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, तिथून पुढे पश्चिम उपनगरात आणि कुर्ला-चेंबूर साइडला अदानी आणि टाटा, आणि भांडुप-मुलुंडला महावितरण. उपनगरात तर एकाच मजल्यावर एकाचं बिल अदानीचं आणि शेजाऱ्याचं टाटाचं असतं. दर ठरवतं ते महाराष्ट्र वीज नियामक आयोग, पण प्रत्येक कंपनीचा वेगळा, म्हणून ठाण्याच्या मेव्हण्याने सांगितलेला आकडा दादरला लागू होत नाही. बिलावर ज्याचं नाव आहे त्याच्या साइटवर जाऊन चालू वर्षाचा दरतक्ता डाउनलोड करा आणि मोबाइलमध्ये ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला लागेल.

२) बिल वाचायला शिका

इथे जरा वेळ द्या, कारण व्हेंडर (सोलार लावून देणारा) तुम्हाला इथेच गुंडाळतो.

घरगुती बिलात स्लॅब असतात, ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. पहिले १०० युनिट सगळ्यात स्वस्त, मग दर चढत जातो. म्हणजे तुमचे ६०० युनिट आले तर सगळे ६०० महाग दराने लागत नाहीत, फक्त वरचे १०० सगळ्यात महाग असतात. याशिवाय प्रत्येक युनिटमागे वहन आकार म्हणजे तारा वापरल्याचं भाडं, कधीकधी इंधन समायोजन आकार म्हणजे इंधन महागल्याचा फरक, आणि या सगळ्यावर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार वेगळा, तो तुम्ही एक युनिट नाही वापरलंत तरी येतो.

आता गंमत बघा. सोलार तुमच्या बिलातले युनिट वरून खाली कापत येतं, आधी महाग स्लॅब जातो. ६०० युनिटवाल्या घराने २ किलोवॅट लावलं आणि महिन्याला साधारण २०० युनिट मिळाले, तर ५०० च्या वरचे शंभर आणि त्याच्या खालच्या स्लॅबातले शंभर वाचले, म्हणजे महागडे युनिट वाचले. आणि ज्याचं बिलच १६० युनिटचं आहे त्याने तेवढेच पैसे घालून तेच २ किलोवॅट लावलं तर त्याचे वाचतात सगळ्यात स्वस्त स्लॅबचे आणि थोडेसे दुसऱ्या स्लॅबचे. पॅनल तेच, ऊन तेच, पण पैसे वसूल व्हायला कितीतरी जास्त वर्षं. हे कोणीही कोटेशनमध्ये लिहून देत नाही, तिथे एक सरासरी दर धरून "चार वर्षांत पैसे वसूल" असं ठोकून दिलेलं असतं.

म्हणून शेवटच्या १२ महिन्यांची बिलं काढा आणि वहीत प्रत्येक महिन्याचे युनिट लिहा. एकट्या मेचं बिल बघून साइज ठरवू नका, मेमध्ये सगळ्यांचा एसी चालू असतो.

३) कॉमन मीटर की स्वतःच्या घराचं?

बिल्डिंगमध्ये राहत असाल तर माझं स्पष्ट मत, आधी कॉमन मीटर. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि कंपाउंडचे दिवे हे सोसायटीचं मीटर बहुतेक ठिकाणी घरगुती दरानेच लागतं, पण ते एकच मीटर महिन्याला दीड-दोन हजार युनिट खातं आणि स्लॅब त्यालाही तेच! म्हणजे पहिले ५०० सोडले तर बाकी सगळं सगळ्यात महाग दराने. सोलारला याच्यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक नाही. आणि पंप दिवसा चालवला तर ती वीज तिथल्या तिथेच वापरली जाते.

शिवाय गच्ची कोणाची हा वाद होत नाही. गच्ची सोसायटीची, वरच्या मजल्यावाल्याची नाही, कितीही वर्षं त्यांनी तिथे पापड वाळवले असले तरी. एखाद्या मेंबरला स्वतःच्या घरासाठी लावायचं असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आणि किती जागा हे ठरावात यायला हवं, नाहीतर उद्या सगळेच मागतील आणि जागा पुरणार नाही.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. नेट मीटरिंगमध्ये (जादा वीज लाइनवर द्यायची आणि तेवढे युनिट बिलातून वजा होतात) सोलारची क्षमता तुमच्या मंजूर भाराच्या, म्हणजे कंपनीने मीटरला मंजूर केलेल्या किलोवॅटच्या, वर जाऊ शकत नाही. आम्ही १५ किलोवॅटची स्वप्नं बघत होतो आणि बिलावर मंजूर भार ८ किलोवॅट! मग आधी भार वाढवायचा अर्ज, डिपॉझिट, स्थिर आकाराचा नवा हिशोब, यात अडीच महिने गेले. बिलाच्या कोपऱ्यात छापलेलंच असतं हो, बघितलंच नव्हतं कोणी.

४) गच्ची मोजा, पण सावली धरून

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते, मोकळी म्हणजे सावली नसलेली. आपल्या गच्च्यांवर काय काय असतं, पाण्याची टाकी, लिफ्टरूम, डिशच्या छत्र्या, आणि बिल्डरने लावलेले नि दहा वर्षांपूर्वी बंद पडलेले गरम पाण्याचे सोलार. ते आधी भंगारात काढा, निम्मी जागा तिथेच सापडते.

सावली बघायची ती डिसेंबरात. मुंबईत मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा सावली पायाखाली असते आणि सगळी गच्ची छान दिसते. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि भर दुपारीसुद्धा सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी लांब पडते, दहा फुटाची टाकी म्हणजे उत्तरेकडची नऊ-दहा फूट जागा गेली. त्यामुळे टाकीच्या उत्तरेला पॅनल नकोच. आणि दक्षिणेला रिडेव्हलपमेंटमध्ये बावीस मजल्यांचा टॉवर येतोय का याची चौकशी चहाच्या टपरीवर करा, तिथे पक्की माहिती मिळते. पॅनल एकमेकांना माळेत जोडलेले असतात, एकावर सावली पडली की सगळ्या माळेचं उत्पादन घटतं. सावली टाळताच येत नसेल तर मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर, म्हणजे प्रत्येक पॅनल वेगळं चालवणारी यंत्रं, लावतात, खर्च वाढतो पण चालतं.

तोंड दक्षिणेकडे, कल १५ ते २० अंश. १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं असं सगळे सांगतात आणि वर्षाची सरासरी म्हणून ते साधारण बरोबर आहे, खिशात ठेवायला वर्षाला १२०० ते १४०० युनिट हा आकडा धरा. पण जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा निम्म्यावर येतं, घाबरून व्हेंडरला शिव्या घालू नका.

५) रिडेव्हलपमेंट आणि ठराव

तुमची बिल्डिंग स्वतःच रिडेव्हलपमेंटला जाणार असेल, म्हणजे बिल्डरची मिटिंग वगैरे झालेली असेल, तर थांबा. पॅनल काढून नेता येतात पण काढणं, ठेवणं, परत लावणं हा खर्च कोणी धरत नाही, आणि दोन-तीन वर्षं ते गोडाऊनमध्ये पडून राहणार.

नसेल तर सर्वसाधारण सभेत ठराव. त्यात क्षमता, खर्च कुठून येणार (सिंकिंग फंडाला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या पैशाला, हात लावायचा असेल तर आधी नियम बघा), सही कोणाची, हे सगळं मिनिट्समध्ये यायला पाहिजे. आमच्याकडे एक आजोबा उभे राहिले आणि म्हणाले की याच्यातून रेडिएशन येतं. त्यांना मी एवढंच म्हटलं की आजोबा, रेडिएशन वरून येतं, पॅनल ते अडवतं. ठराव पास झाला.

६) सबसिडी

केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,०००, आणि ३ किंवा त्याच्या वर कितीही लावलं तरी ७८,००० रुपये. सोसायटीच्या कॉमन मीटरसाठी वेगळा हिशोब आहे, दर किलोवॅटला १८,००० रुपये, घरटी ३ किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅट या मर्यादेत, गाडी चार्जिंगसुद्धा त्यात धरतात. म्हणजे २० किलोवॅटला ३ लाख ६० हजार. लहान आकडा नाही.

पण दोन अटी लक्षात ठेवा. पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात, व्हेंडर लोक याला डीसीआर म्हणतात, आणि ते बिगर-डीसीआर पॅनलपेक्षा महाग असतात. दुसरं, सबसिडी नंतर खात्यात येते, आधी पूर्ण पैसे तुम्हालाच घालायचे. "सबसिडी आम्ही वजा करून देतो" म्हणणाऱ्याला विचारा, कोणाच्या खात्यातून. दुकान-ऑफिसला ही सबसिडी नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, जुनी कोटेशनं पडलेली असतील तर नवीन मागवा.

७) कोटेशन

कमीत कमी तीन. आणि तिघांनाही एकच प्रश्नपत्रिका द्या नाहीतर तुलनाच होत नाही. किती वॅटचे किती पॅनल, डीसीआर की नाही, इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, लाइट गेल्यावरचा बॅटरीवाला नव्हे) कुठला आणि त्याची वॉरंटी किती (पॅनलला २५ वर्षं लिहितात, पण आधी मरतो तो इन्व्हर्टर), स्ट्रक्चर म्हणजे पॅनल बसवायचा सांगाडा कुठला, अर्थिंग आणि आकाशातल्या विजेसाठी वीजरोधक धरलाय का, नेट मीटरची फी आणि धावपळ कोणाकडे, पाच वर्षांचा मेंटेनन्स आहे का. सरकारी योजनेत ३ किलोवॅटपर्यंतचा हिशोब धरताना पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,००० असा खर्च धरलाय. उंच स्ट्रक्चर लागलं, क्रेन लागली, की मुंबईत याच्या वर जातं. पण कोणी दुप्पट सांगत असेल तर कशामुळे ते लिहून मागा.

पैसेच नसतील तर दुसरा मार्ग, रेस्को. कंपनी स्वतःच्या खर्चाने लावते आणि तुम्ही ठरलेल्या दराने युनिट विकत घेता, १५-२० वर्षांचा करार असतो. मला फारसं आवडत नाही, कारण सोसायटीच्या कमिट्या दर पाच वर्षांनी बदलतात आणि करार कोणी वाचत नाही, पण ज्यांच्याकडे फंड शून्य आहे त्यांना वाईट नाही.

८) भोकं पाडू देऊ नका

हे माझं दुखणं आहे. आमच्या व्हेंडरने (नाव घेत नाही) स्ट्रक्चरचे पाय बसवायला सरळ कोब्यात ड्रिल मारलं. एप्रिलमध्ये सगळं छान, फोटो काढले, पेढे वाटले. जूनच्या दुसऱ्या पावसात सातव्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये धार लागली आणि त्या बादली घेऊन थेट माझ्या दारात. पॅनल जेवढे वाचवणार त्यातलं पहिल्या वर्षाचं बरंचसं वॉटरप्रूफिंगमध्ये गेलं.

तर मंडळी, आधी वॉटरप्रूफिंग, मग सोलार, आणि पाय बसवायचे ते सिमेंटच्या ठोकळ्यांवर. ठोकळ्यांचं वजन स्लॅब पेलेल का हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लिहून घ्या, जुन्या बिल्डिंगला तर नक्कीच. आणि वजन कमीही नको, ३ जून २०२० ला निसर्ग आणि १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा आपल्याकडे पत्रे कसे उडत होते आठवा, एक पॅनल २५-३० किलोचा, तो उडून खाली रस्त्यावर पडला तर? लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइझ केलेलंच (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं) घ्या किंवा अॅल्युमिनियम, वर्सोवा-वरळीच्या खाऱ्या हवेत रंग मारलेलं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजतं. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. इन्व्हर्टर सावलीत, पावसाच्या माऱ्यापासून लांब.

९) अर्ज, नेट मीटर

पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची, मग अर्ज, मग पोर्टलवरच्या नोंदणीकृत व्हेंडरकडूनच काम करून घ्यायचं. बिलावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच हवं. कितीतरी घरांची बिलं अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहेत, ते आधी बदला, यात जाणारा वेळ बाकी सगळ्यापेक्षा जास्त. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला २०२४ पासून तांत्रिक तपासणीची भानगड नाही, तो मंजूर झाला असंच धरतात.

लावून झालं की कंपनीचा माणूस तपासणी करतो, जुनं मीटर काढून दोन्ही बाजूंनी मोजणारं नेट मीटर बसतं, आणि मगच चालू करायचं. नेट मीटर बसायच्या आधी "टेस्टिंग" म्हणून चालू ठेवू नका, कारण काही साधी मीटरं उलटी गेलेली वीजसुद्धा वापर म्हणून मोजतात आणि बिल वाढून येतं.

एक गैरसमज इथेच काढतो. लाइट गेली की तुमचं सोलारपण बंद पडणार, भर दुपारी, कडक उन्हात. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्खी मुंबई बंद पडली होती, तेव्हा बॅटरी नसलेले सगळे सोलारवालेही लिफ्टशिवायच होते. बॅटरीवालं हायब्रिड मिळतं पण मुंबईत लाइट जाते किती, त्या पैशात मला तरी अर्थ वाटत नाही.

१०) दुकान, ऑफिस, गाळा

यांचा दर व्यावसायिक, वीज शुल्क २१ टक्के, त्यामुळे दर युनिटला बचत जास्त, आणि दुकान दिवसा चालतं म्हणजे वीज तिथेच वापरली जाते. सबसिडी नसली तरी इन्कम टॅक्समध्ये ४० टक्के घसारा (डेप्रिसिएशन) मिळतो, सीएला विचारा. अडचण अशी की दुकानदाराकडे गच्ची नसते. साकीनाका-अंधेरीच्या गाळ्यांवर पत्रा असतो, त्यावर पॅनल छान बसतात, पण सिमेंटचा जुना पत्रा असेल तर तो बदलल्याशिवाय कोणाला वर चढवू नका, माणूस आरपार खाली येतो.

मोठ्या ग्राहकांना टीओडी म्हणजे वेळेनुसार दर लागतो. दिवसा जेव्हा सगळीकडे सोलारची वीज मुबलक असते तेव्हा स्वस्त, संध्याकाळी महाग. तुमचं सोलार नेमकी ती स्वस्त वेळची वीज वाचवतं, मग बचतीचा हिशोब सरासरी दराने करून चालणार नाही, दुपारच्या दरानेच करा. आणि केव्हीएएच बिलिंग असेल, म्हणजे खऱ्या युनिटबरोबर रिअॅक्टिव्ह वीजही धरली जात असेल, तर पॉवर फॅक्टरकडे (एकूण विजेत खऱ्या विजेचा वाटा) लक्ष ठेवा. सोलार खरे युनिट कमी करतं पण मोटरांना लागणारी रिअॅक्टिव्ह वीज ग्रिडकडूनच येत राहते, त्यामुळे मीटरला पॉवर फॅक्टर पडलेला दिसतो आणि वाचलेलं तिथे निघून जातं. ती रिअॅक्टिव्ह वीज जागेवरच पुरवणारं कपॅसिटर पॅनल नीट करून घ्या.

ज्यांच्याकडे गच्चीच नाही, भाड्याने राहताय, त्यांनी ग्रीन टॅरिफचा पर्याय बघावा. युनिटमागे थोडा जादा आकार भरून आपल्या कंपनीकडून हरित वीज घेता येते, २०२१ पासून ही सोय आहे. बिल कमी होणार नाही, वाढेल, तेवढं समजून घ्या.

११) चालू झाल्यावर

पहिल्या बिलात घेतलेले युनिट, दिलेले युनिट आणि शिल्लक असे तीन आकडे असतील. झिरो बिल येत नाही, स्थिर आकार राहतोच. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण ३१ मार्चला वही बंद होते आणि उरलेल्या युनिटचे पैसे कमी दराने मिळतात. आता कॅलेंडर बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एसी बंद, आकाश स्वच्छ, शिल्लक साठत जाते, आणि नेमकी एप्रिल-मेच्या उकाड्याच्या तोंडावर ती पुसली जाते. म्हणून जास्तीचे किलोवॅट लावून फायदा नाही, वर्षाच्या एकूण वापराच्या थोडं कमीच लावा. आम्ही शेवटी १२ वर थांबलो.

पॅनल धुवायचे ते सकाळी सात-आठच्या आत, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. मेट्रोचं किंवा बिल्डिंगचं काम जवळ चालू असेल तर दर आठवड्याला, एरवी पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात सुट्टी. कबुतरांसाठी खालून जाळी आधीच लावून घ्या, नंतर लावायला दुप्पट मागतात. गच्चीवर नळ नसेल तर कामाबरोबरच काढून घ्या, आमचा वॉचमन पहिले सहा महिने बादल्या चढवत होता. आणि दर ३१ मार्चला मीटरचा फोटो काढून कमिटीच्या ग्रुपवर टाका, एप्रिलच्या बिलात शिल्लक जुळली नाही तर तोच कामाला येतो.